सेकंड बॅरिटोनच्या खुर्चीत बसून आधुनिक टेस्ट पीस कसा वाजवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डर्बीच्या बाजूच्या एका गावच्या ब्रास बँडमध्ये तुम्ही चार वर्षं सेकंड बॅरिटोन (मधल्या पट्टीच्या पितळी वाद्याचा दुसरा पार्ट) वाजवताय. बँड नुकताच थर्ड सेक्शनमधून सेकंड सेक्शनमध्ये चढलाय. मार्चमधल्या रीजनल स्पर्धेला जो टेस्ट पीस (स्पर्धेसाठी ठरवून दिलेली रचना) लागलाय तो 'आधुनिक' आहे. म्हणजे दर दुसऱ्या बारला (लिपीतल्या तालाच्या कप्प्याला) मीटर, म्हणजे मात्रांची मोजणी, बदलतं, धून म्हणावी असं काही हाताला लागत नाही, आणि तुमचा पार्ट एकट्याने वाजवला तर वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवतंय असं वाटतं (हे तुमचेच शब्द, मला फार आवडले). सहा आठवडे उरलेत. रोज तासभर मेट्रोनोम लावून बसता, तरी मंगळवारच्या तालमीत हरवता. तुम्ही विचारलंय, बोटं जलद कशी करू? आणि जाता जाता, हे संगीत आहे का?

बोटांचं आधी संपवते. जो भाग घरी येतो आणि तालमीत येत नाही, तो बोटांमुळे अडलेला नसतो. घरी तुम्ही एकटे मोजता. तालमीतही तुम्ही एकटेच मोजता, फक्त तिथे आणखी चोवीस जण आपापलं वेगळं मोजत असतात. मी यॉर्कशरमध्ये बावीस वर्षं टेनर हॉर्न वाजवतेय, त्यातली शेवटची आठ मधल्या वाद्यांच्या सेक्शनल्स (एकेका गटाच्या वेगळ्या तालमी) घेते, म्हणजे हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम. अशा पीसवर अडलेल्या दहा जणांपैकी आठ जणांची अडचण हीच असते. आपला स्वर कोणता हे त्यांना पाठ असतं, पण त्या क्षणी आपण कुणाबरोबर आहोत हे माहीत नसतं. माझं पुढचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं. ब्रास बँड म्हटलं की आपल्याकडे वरातीपुढचा बँड आठवतो. माझ्या मावशीला अजून वाटतं की मी इंग्लंडात गोऱ्यांच्या लग्नात वाजवते. इथला ब्रास बँड कोळसा खाणींच्या आणि कापड गिरण्यांच्या गावांतून वाढला. स्पर्धेत पंचवीस पितळी वाद्यं आणि सोबत तालवाद्यं. दहा कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बेस. ट्रंपेट नाही, लाकडी सुषिरवाद्यं नाहीत. बँड पाच सेक्शन्समध्ये विभागलेले असतात, चॅम्पियनशिप सेक्शन सर्वांत वर आणि फोर्थ सर्वांत खाली. रीजनल स्पर्धेत एका सेक्शनमधले सगळे बँड एकच पीस वाजवतात. परीक्षक पडद्याच्या बंद खोक्यात बसतात, त्यांना कोण वाजवतंय ते दिसत नाही. खेळाचा सामना आणि परीक्षा एकत्र केल्यासारखा प्रकार आहे, आणि त्याचं व्यसन लागतं.

आता, तुमच्याबद्दल मला माहीत नसलेल्या काही गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. तालमीला किती जण येतात? पंचवीसच्या पंचवीस येत असतील तर एक सल्ला, अठराच येत असतील आणि शेवटच्या दोन तालमींना उसने वादक येणार असतील तर वेगळा. तुमच्या कंडक्टरचा हात स्पष्ट आहे का? शेवटच्या आठवड्यांत बाहेरून व्यावसायिक कंडक्टर येणार आहे का? तसं असेल तर वेग बदलेल हे आत्ताच गृहीत धरा. तुमच्या शेजारचा फर्स्ट बॅरिटोन भक्कम आहे की तोही तुमच्याकडेच बघतोय? मी मधलं चित्र धरते: वीस-बावीस जण येतात, कंडक्टर बरा आहे आणि शेजारी तुमच्याइतकाच घाबरलेला आहे.

एक प्रसंग सांगते, कारण मला स्वतःला हे कळायला उशीर लागला. काही वर्षांपूर्वी एका पीसमध्ये माझ्या पार्टात ५/८ चे, म्हणजे प्रत्येकी पाच क्वेव्हरचे, सलग सहा बार होते. प्रत्येक बारमध्ये एक विश्रांती, दोन क्वेव्हर, मग पुन्हा दोन विश्रांत्या. बस. (क्वेव्हर म्हणजे पाश्चात्त्य लिपीतली आठव्या हिश्शाची नोट.) मी तीन आठवडे हे मेट्रोनोमवर घोटलं. तालमीत दर वेळी कुठल्यातरी बारला एक क्वेव्हर पुढे किंवा मागे. एका रात्री चहाच्या सुट्टीत कंडक्टरच्या स्टँडवरचा स्कोर (सगळ्यांचे पार्ट एकाखाली एक लिहिलेली प्रत) उघडा होता म्हणून सहज डोकावले. पाचांतली पहिली क्वेव्हर फ्लूगलकडे, दुसरी-तिसरी माझ्याकडे, चौथी-पाचवी फर्स्ट बॅरिटोनकडे. तिघांचं एकत्र वाचलं तर ती पाच स्वरांची साधी उतरती ओळ होती, लहान मूल जिन्यावरून पाय आपटत उतरावं तशी. आम्ही तिघं बँडरूमच्या त्या इवल्याशा किचनमध्ये उभे राहून, किटली उकळेपर्यंत ती ओळ तोंडाने गायलो. त्यानंतर त्या सहा बारांत कुणालाही मोजावं लागलं नाही. फ्लूगलचा स्वर आला की माझे दोन आपोआप पडायचे.

आधुनिक टेस्ट पीस बऱ्याचदा असेच लिहिलेले असतात. संगीतकार एक ओळ घेतो आणि ती चार वाद्यांत फोडून वाटतो. कॉर्नेटच्या पहिल्या खुर्चीला निदान सलग काहीतरी मिळतं. सेकंड बॅरिटोन, सेकंड हॉर्न, थर्ड कॉर्नेट यांच्या वाट्याला तुकडे येतात. तुकडा घोटून ओळ कळत नाही. म्हणून तुमचा रोजचा तास असा फोडा: पस्तीस मिनिटं वाद्य, पंचवीस मिनिटं कान आणि पेन्सिल.

पेन्सिलचं काम काय? पीसचं रेकॉर्डिंग मिळालं तर पहिल्यांदा कागद न घेता ऐका. दुसऱ्यांदा स्वतःचा पार्ट समोर ठेवून ऐका आणि प्रत्येक प्रवेशाच्या आधी काय ऐकू येतं ते लिहा: 'फ्लूगल', 'ट्रॉम्बोन वर चढतात', 'झायलोफोन संपतो'. मग कंडक्टरकडे स्कोर मागा. फोटोकॉपी नव्हे, ती कायद्याने चालत नाही आणि बँडच्या लायब्रेरियनला राग येतो. तालमीआधी अर्धा तास बँडरूममध्ये बसून पाहायला मागा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट सेकंड बॅरिटोनने स्कोर मागितला या धक्क्यातून कंडक्टरला सावरायला वेळ लागतो. स्कोरमध्ये फक्त एक गोष्ट शोधा: इथे माझ्यासारखंच आणखी कोण वाजवतंय, आणि मी ज्याचं पुढे नेतोय तो कोण. ती नावं पार्टात लिहा. एक सावधगिरीही हवी. मोठ्या बँडचं रेकॉर्डिंग सारखं ऐकून पीस येतोय असा भास होतो आणि त्यांचा वेग डोक्यात बसतो. पहिल्या आठवड्यानंतर ते बंद करा.

मीटरकडे येऊ. इथे आपल्या लोकांना थोडा वारसाहक्क आहे. ७/८ बघून माझ्या बँडमधल्या चांगल्या चांगल्या वादकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला तो रूपक ताल दिसतो. तीन-दोन-दोन: ती ती ना, धी ना, धी ना. एका सेक्शनलला मी हे सहा यॉर्कशरकरांकडून टाळ्या देत म्हणवून घेतलं. 'टी टी नाऽ' असा उच्चार ऐकून माझ्या तबल्याच्या गुरुजींनी डोळे मिटले असते, पण दहा मिनिटांत बार बसला. ५/८ आले की झपतालाचा अर्धा तुकडा म्हणा: धी ना, धी धी ना. तोंडाने बोललेला ताल अंगात उतरतो, नुसता मोजलेला आकडा तालमीच्या गोंधळात हरवतो. हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण हातात पितळी वाद्य आलं की आपण विसरतो.

मात्र हा वारसा एका ठिकाणी दगा देतो. रूपकात आवर्तन फिरून समेवर येतं आणि आपला कान नकळत त्या समेची वाट बघतो. टेस्ट पीसमध्ये सातानंतर पाच, मग तीन, मग चार, आणि परत साताचा पत्ता नाही. शिवाय रूपकाची पहिली मात्रा खालीची, हलकी, आणि इथे बारचा पहिला ठोका बहुतेक वेळा वजनदार. तेव्हा बोल वापरा, पण आवर्तनाची अपेक्षा सोडा. पार्टावर पेन्सिलने दोनाच्या गटावर उभी रेघ आणि तीनाच्या गटावर त्रिकोण काढा. इथले कंडक्टर स्कोरवर हेच करतात. मग सलग वाचा: रेघ, रेघ, त्रिकोण, त्रिकोण, रेघ. मीटरचे आकडे बघायची गरजच उरत नाही. मेट्रोनोम क्रॉचेटवर (दोन क्वेव्हरएवढ्या नोटवर) लावला असेल तर क्वेव्हरवर लावा. क्रॉचेटवर लावलात तर पाच-आठच्या बारनंतर तो उलट्या ठोक्यावर पडतो आणि तुम्ही घरच्या घरी चूक पाठ करता. मला वाटतं तुमच्या रोजच्या तासातला बराच वेळ इथेच जात असावा.

आता विसंवादी स्वर. घरी एकट्याने स्वर बरोबर लावता, पण बँडमध्ये शेजाऱ्याच्या स्वराला तो घासतो. कान म्हणतो काहीतरी चुकलं, आणि नकळत तुम्ही आवाज कमी करता किंवा स्वर थोडा सरकवता. शेजारीही तेच करतो. दोघं मिळून संगीतकाराने मागितलेला धारदार आवाज बोथट करता, आणि परीक्षकाच्या कागदावर 'स्वर सैल' असं उमटतं. यावर औषध एकच: जिथे तुमचा आणि सेकंड हॉर्नचा किंवा फर्स्ट बॅरिटोनचा स्वर अर्ध्या सुराने घासतो ती जागा शोधा. तालमीआधी दोघंच उभे राहा, तो एक स्वर लांब धरा, भरघोस वाजवा, आणि मध्ये जी घरघर उठते ती ऐका. दोनदा-तीनदा केलंत की ती घरघर आवडायला लागते. मग तालमीत तुम्ही ती शोधत जाता.

उलट जिथे शांत, गोड सुसंवाद लिहिलाय तिथे तानपुऱ्याचा कान कामी येतो. पियानोचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ट्यूनरचा हिरवा दिवा बघून वाजवणारा बॅरिटोन जर त्या वेळी संवादातला गांधार धरून असेल तर स्वर ट्यूनरवर अचूक आणि बँडमध्ये चढा. मी फोनवर तानपुरा लावून लांब स्वर धरते. शेजारच्या घरच्या आजी विचारतात आज पूजा आहे का.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आता हात घालते, कारण तो तुम्ही सहज विचारला असला तरी तालमीत तोच आडवा येतो. हे संगीत नाही असं वाटत असेल तर शरीर वाजवायला तयार होत नाही. ही तक्रार जुनी आहे. १९२८ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी होल्स्टने 'अ मूरसाइड स्वीट' लिहिला आणि १९३० मध्ये एल्गारने 'सेव्हर्न स्वीट'. आज हे पीस ऐकायला आजीच्या गोधडीसारखे ऊबदार वाटतात. विल्फ्रेड हीटनचं 'कॉन्टेस्ट म्युझिक' १९७३ चं. तेव्हा ते नाकारलं गेलं आणि राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला लागलं १९८२ मध्ये. आता त्याची गणना उत्कृष्ट कामांत होते. १९७३ मध्येच हॅरिसन बर्टविसलने ग्राइमथॉर्प कोलिअरी बँडसाठी 'ग्राइमथॉर्प आरिया' लिहिलं, ते स्पर्धेसाठी नव्हतं, पण खाणकामगारांच्या बँडने ते वाजवलं. जॉन मकेबचं १९८५ चं 'क्लाउडकॅचर फेल्स' लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर आहे. मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा काही कळलं नव्हतं. मग एका ऑक्टोबरात त्या भागात ढगातून चालत गेले, आणि परत आल्यावर तोच हॉर्नचा पार्ट वेगळा वाजला. पीटर ग्रॅहमचं 'हॅरिसन्स ड्रीम', २००० च्या अंतिम स्पर्धेचं, अतिशय कठीण, पण ते समुद्रावर रेखांश मोजणाऱ्या घड्याळाच्या कारागिराबद्दल आहे हे कळलं की ती सगळी टिकटिक आपोआप जागेवर बसते.

तेव्हा तुमचा पीस कशाबद्दल आहे ते शोधा. स्कोरच्या पहिल्या पानावर संगीतकाराची टीप असते, आणि बहुतेक वादकांनी ती कधीच वाचलेली नसते कारण ती फक्त कंडक्टरकडे असते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर काही टेस्ट पीस खरंच पोकळ असतात. जोरात, जलद, मग एक हळवा सोलो, मग आणखी जोरात. तसा पीस वाट्याला आला असेल तर तो आवडल्याचं सोंग करायची गरज नाही. तरी त्यातल्या एका बारमध्ये तरी तुमच्या खुर्चीला मजेदार काहीतरी लिहिलेलं असतं. तेवढं आपलं म्हणा.

यापुढचा मुद्दा काहींना आवडणार नाही. काही स्वर तुम्ही सोडून द्यायचे आहेत. सहा आठवड्यांत काय येईल आणि काय येणार नाही, हे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ठरवून टाका. जलद सेमिक्वेव्हरची (क्वेव्हरच्या निम्म्या नोटांची) एखादी धाव, जिथे दोन्ही बॅरिटोन आणि दोन्ही युफोनियम एकच वाजवतात, तिथे चौघांनी अडखळत सगळं वाजवण्यापेक्षा वाटून घेणं बरं. पहिले दोन गट तुम्ही, पुढचे दोन फर्स्ट बॅरिटोन, जोडाच्या ठिकाणी एक स्वर दोघांचा. यात लाज नाही. श्वास तर आपण असाच वाटून घेतो, एक जण थांबतो तेव्हा दुसरा धरतो. परीक्षकाला कोण किती वाजवतंय ते ऐकू येत नाही, धाव स्वच्छ आहे की खडबडीत एवढंच कळतं. मात्र हे स्वतःच्या मनाने गुपचूप करू नका. शेजाऱ्याशी ठरवा आणि कंडक्टरच्या कानावर घाला. दोघांनीही एकाच जागी सोडलं तर तिथे भोक पडतं. आणि जिथे तुम्ही एकटे आहात तिथे एकही स्वर सोडायचा नाही, मग तो किती का लहान असेना.

लांब विश्रांत्यांचंही बघा. माझी आयुष्यभराची नामुष्की तिथेच आहे. एका रीजनलला मला चौदा बारांची विश्रांती होती आणि शेवटी टॅम-टॅमचा (मोठ्या घंटेसारख्या थाळीचा) मोठा ठोका, त्यानंतर दुसऱ्या बारला मी. दोन महिने मी मोजणं सोडून त्या ठोक्याची वाट बघायची सवय लावून घेतली होती. स्पर्धेच्या हॉलमध्ये तालवाद्यं आयोजकांची, ती टॅम-टॅम वेगळी होती, आणि त्याआधीच सस्पेंडेड सिंबलचा (टांगलेल्या झांजेचा) एक फुगारा मला तिच्यासारखा वाटला. मी एक बार आधी घुसले. सेकंड हॉर्नवालीने माझ्यावर विश्वास ठेवून माझ्यासोबत उडी मारली. परीक्षकाच्या शेऱ्यात त्या जागी एकच शब्द होता, 'हॉर्न्स?' प्रश्नचिन्हासकट. तो कागद अजून माझ्या केसमध्ये आहे. तेव्हापासून माझा नियम असा की कुठल्याही प्रवेशासाठी दोन खुणा हव्यात, एक कानाने आणि एक बोटांवर मोजून. एकीवर भिस्त ठेवायची नाही.

मधल्या संथ भागाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. कुणीच विचारत नाही, कारण तिथले स्वर सोपे असतात. पण माझ्या पाहण्यात सेकंड सेक्शनमध्ये स्पर्धा जिंकली किंवा हरली जाते ती तिथेच. वर फ्लूगल किंवा सोप्रानो कॉर्नेट एकटा गातोय आणि खाली हॉर्न-बॅरिटोन अगदी हळू लांब संवाद धरून आहेत. तिथे तुमचा स्वर फाटला, उशिरा बोलला किंवा श्वासाला तुटला की सगळ्या हॉलला कळतं. याचा सराव कंटाळवाणा आहे: रोज दहा मिनिटं, मधल्या पट्टीतला एक स्वर, जमेल तितक्या हळू सुरू करायचा, जीभ जवळजवळ न लावता. शंभरातले पंच्याण्णव वेळा तो लगेच बोलायला हवा. ओठ थकलेले असताना करा, कारण स्पर्धेत तो भाग पहिल्या दणदणाटानंतर येतो. श्वासाच्या जागा शेजाऱ्याशी वेगळ्या ठरवा आणि पार्टावर लिहा. बॅरिटोनचा मऊ, थोडा हवेशीर आवाज हे बँडच्या पोटातलं ऊबदार अस्तर आहे. युफोनियमसारखा जाड आवाज काढायच्या नादात तो घालवू नका.

आणि जोर. आधुनिक पीसमध्ये तीन-तीन एफ (fff, म्हणजे अतिशय जोरात) लिहिलेले असतात आणि आपण त्यांना आमंत्रण समजतो. बॅरिटोनची नळी अरुंद. एका मर्यादेपलीकडे फुंकलं की आवाज मोठा होत नाही, नुसता चिरका होतो. एकदा फोन तालमीच्या खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करा. तुम्ही जिवाच्या आकांताने वाजवलेलं तिथे ऐकूच येत नाही, ऐकू येतो तो स्नेअर ड्रम. ते ऐकून तुम्ही आपोआप जोर कमी कराल आणि ओठ शेवटच्या पानापर्यंत टिकेल.

सहा आठवड्यांचं गणित मी असं मांडीन. पहिले दोन आठवडे वर सांगितलेली पेन्सिल आणि निम्म्या वेगाने सगळा पीस. शेवटचं पान सर्वांत आधी घ्या. बहुतेक बँड सुरुवातीपासून सुरू करतात, मंगळवार संपतो आणि शेवटचं पान सहा आठवड्यांत चार वेळा वाजतं, तेही ओठ गेलेले असताना. तिसरा-चौथा आठवडा जोड: एका भागातून दुसऱ्यात जाताना वेग बदलतो ते दोन-दोन बार. तिथे वाजवूही नका, नुसता कंडक्टरचा हात बघत क्वेव्हर बोला. पाचव्या आठवड्यात सलग वाजवणं, न थांबता, चुकलं तरी पुढे. हरवल्यावर परत चढायचं कुठे, हेही ठरवून ठेवा. मी पार्टावर हिरव्या पेन्सिलने पाच-सहा ठिकाणी शिडीचं चित्र काढते. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका.

तुमच्या पार्टात म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवून आवाज बदलायचा बूच) असेल तर त्याची तालीम वेगळी करा. बॅरिटोनचं म्यूट बादलीएवढं असतं आणि दोन बारांत ते उचलून बसवायचं असतं. जमिनीवर जाड टॉवेल पसरून त्यावर उजव्या पायाशी ठेवा, नाहीतर नेमक्या शांततेत ते गडगडत बेसवाल्यांकडे जातं. स्ट्रेट म्यूट लावलं की स्वर बहुधा चढतो, किती चढतो ते तुमच्या वाद्यावर बघून ठेवा.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल फार नाही सांगत. सकाळी चिठ्ठ्या पडतात. पहिला नंबर आला तर सगळे सुतकी चेहरे करतात, तुम्ही करू नका, निदान दिवसभर ताटकळत बसून ओठ थंड होत नाहीत. आधी कुठल्यातरी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन तालीम होईल. तिथे पूर्ण जोराने सगळा पीस वाजवायचा मोह झाला तर तुम्ही तरी अर्ध्या आवाजात वाजवा. मंचावर खुर्च्या बँडरूमपेक्षा लांब असतात, म्हणून फर्स्ट बॅरिटोनची खुर्ची आधी जवळ ओढून घ्या, इतकी की त्याचा श्वास ऐकू येईल. मग बंद खोक्यातून शिट्टी वाजते, म्हणजे परीक्षक तयार आहेत. शिट्टी आणि पहिला स्वर यांच्यात चार-पाच सेकंद जातात. त्या वेळात मी पहिला बार न वाजवता मनात शेजाऱ्याचा पार्ट म्हणते, माझा नाही.

येत्या मंगळवारी करायचं ते एवढंच: फर्स्ट बॅरिटोनला वीस मिनिटं आधी बोलवा, चहा तुमच्याकडून. ज्या आठ बारांत तुम्ही सर्वांत जास्त हरवता ते दोघांनी वाद्याशिवाय, रेघ-त्रिकोण बोलत म्हणा. तरी कुणाबरोबर आहोत ते सापडलं नाही, तर त्या आठ बारांत कोण काय वाजवतंय ते स्कोरवरून इथे लिहून टाका. सेकंड हॉर्नचा पार्ट लिहायला विसरू नका, माझा संशय तिच्यावर आहे.